शिगम्याच्या दिवशीचा स्लॅब आणि चुकीच्या गाड्यांत पडलेला रिटार्डर

गोव्यातल्या फोंड्यापासून थोडं आत, एका गावातल्या मंगल कार्यालयाचा स्लॅब. एकूण ६६ घनमीटर काँक्रीट, म्हणजे ६ घनमीटरच्या ११ गाड्या. पहिल्या सात गाड्यांचा माल त्याच रात्री नऊच्या आत धरला. शेवटच्या चार गाड्यांचा माल दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाही अंगठ्याने दाबला की दबत होता. पाणी साठवायला आळी बांधायची म्हणून वर चढलेल्या मजुराच्या चपलेचा ठसा त्यात पुरता उमटला. आठ वाजेपर्यंत कार्यालयाचे मालक, कंत्राटदार, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटचा क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणारा, असे चौघे जिन्याशी उभे होते आणि चौघांची चार मतं होती.

आधीच सांगून टाकतो: हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. साइट, माणसं, वेळा आणि चाचण्यांचे आकडे जुळवलेले आहेत, कुठल्याही प्लांटकडे बोट नाही. रसायनांचं वागणं आणि कोडमधल्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत, आणि चुका तर रोजच्याच.

त्या दिवशी काय झालं

मार्चअखेरचा दिवस, दुपारचा पारा ३३ अंशांवर. मिक्स एम ३०, म्हणजे अठ्ठावीस दिवसांना ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं. किनारपट्टीच्या हवेला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट कामाचा भारतीय कोड, 'तीव्र' वर्गात घालतं आणि आरसीसीसाठी किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि किमान ३२० किलो सिमेंट मागतं. साइट समुद्रापासून आत असली तरी डिझायनरने तोच वर्ग धरला होता, आणि गोव्यात ते शहाणपणाचंच. घनमीटरमागे ३८० किलो बाइंडर: २१० किलो ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) आणि १७० किलो स्लॅगची (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची) पूड. पाणी १६० लिटर. सोबत पाणी न वाढवता माल पातळ ठेवणारा, पॉलिकार्बोक्झिलेट जातीचा सुपरप्लास्टिसायझर आणि वेगळ्या कॅनमधून सोडियम ग्लुकोनेटचं द्रावण, म्हणजे माल धरणं लांबवणारा रिटार्डर, बाइंडरच्या ०.२ टक्के. या मिक्सला धरायला साधारण सात तास लागतात हे प्लांटला ट्रायलवरून माहीत होतं.

प्लांट वेर्ण्याच्या बाजूला. तिथून बोरीचा पूल ओलांडून फोंडा, एरवी तासाभराचा रस्ता. पण त्या संध्याकाळी फोंड्यात शिगमोत्सवाची मिरवणूक होती. रोमटामेळ आणि चित्ररथ म्हटले की दुपारपासूनच रस्ते वळवायला सुरुवात होते. हे सगळ्यांना माहीत होतं. मालकांनी स्लॅबची तारीख मुहूर्त बघून ठरवली होती, मिरवणुकीची तारीख कुणी बघितली नव्हती.

पहिली गाडी सकाळी साडेनऊला लागली, सातवी दुपारी दोनला रिकामी झाली. रस्ता बंद व्हायच्या आत पोचवू या म्हणून प्लांटने पुढच्या चार गाड्या सव्वा ते दोनच्या दरम्यान पटापट भरून गेटवर आणून ठेवल्या. तेवढ्यात ड्रायव्हरांकडून निरोप आला की पुलाअलीकडेच रांग लागलीय आणि फोंड्यात आताच वळवतायत. गेटवरच्या डिस्पॅचवाल्याने घड्याळाकडे बघितलं आणि ग्लुकोनेटचा कॅन उघडला. सव्वादोनच्या सुमारास प्रत्येक गाडीच्या हॉपरमध्ये तीन मग ओतले. कॅनमधून काढायला तिथे प्लास्टिकचा एक लिटरचा मग असतो, तोच. मग चारही गाड्या नेहमीच्या संथ फिरकीवर ड्रम ठेवून निघाल्या.

आठवी गाडी चार-दहाला पोचली, अकरावी पाच-वीसला. म्हणजे भरल्यापासून जवळजवळ तीन तास आणि वर. स्लम्प (साचा उचलल्यावर माल किती खाली बसतो, म्हणजे किती पातळ आहे ते) १३० मिलिमीटर, मागितलेल्या मापात. क्यूसीच्या माणसाने चलनावर तो लिहिला आणि सगळे खूश झाले. सव्वासहाला शेवटची थापी फिरली.

सकाळचे सल्ले

मालकांचं म्हणणं सरळ होतं. "भाऊ, हा भाग फोडा आणि नवा घाला. लोकांची लग्नं लागणार आहेत याच्या खाली." कंत्राटदाराला फोडायचं नव्हतं. त्याच्याकडे दोन उपाय तयार होते: वरून कोरडं सिमेंट भुरकावून घोटायचं, नाहीतर फोंड्यातल्या दुकानातून लवकर सेट होणारी पावडर आणून पाण्यात कालवून शिंपायची. प्लांटचा क्यूसी एकच वाक्य परत परत म्हणत होता: "होईल सेट, थांबा." किती थांबायचं ते मात्र त्याला सांगता येईना. इंजिनिअरबाईंनी आधी बॅचशीट, म्हणजे कुठल्या गाडीत काय किती पडलं त्याची नोंद, मागितली.

फोडण्याचा सल्ला या वेळी सर्वात वाईट होता, पैशाचा विचार बाजूला ठेवला तरी. अर्धवट धरलेल्या मालावर माणसं आणि घण चढवले की शेजारचा १८-२२ तासांचा कोवळा स्लॅब हादरतो आणि सळयांभोवतीची पकड सुटते. निकामी माल काढताना चांगला मालही जायबंदी होतो. आणि तो माल निकामी आहे हे अजून कुणी सिद्ध केलं नव्हतं. न धरलेलं काँक्रीट आणि कमजोर काँक्रीट एकच नव्हे. सिमेंट कमी पडलं असेल किंवा पाणी जास्त पडलं असेल तर माल वेळेवर धरतो आणि पुढे कमजोर निघतो. रिटार्डर जास्त झाला असेल तर नेमकं उलटं: माल उशिरा धरतो, पण ओला राखला तर बहुतेक वेळा पुढे ताकद गाठतो. या दोनांतलं कुठलं आहे हे बॅचशीट सांगते, अंगठा नाही सांगत.

वरून सिमेंट भुरकावल्याने पृष्ठभागावर दोन-तीन मिलिमीटरचा एक वेगळा, कोरडा, चिरा पडणारा पापुद्रा तयार होतो. खालचा १५० मिलिमीटरचा स्लॅब आहे तिथेच राहतो. शिंपलेली पावडरही खाली झिरपत नाही. त्यात ती पावडर कॅल्शियम क्लोराइडची निघाली तर सळयांना आपण स्वतःच गंज लावून दिल्यासारखं. क्लोराइड हा फार जुना आणि स्वस्त ॲक्सिलरेटर, म्हणजे माल लवकर धरायला लावणारं रसायन आहे, पण आरसीसीमध्ये घनमीटरमागे एकूण क्लोराइड ०.६ किलोच्या आत ठेवायचं हे आयएस ४५६ सांगतं, आणि आपल्याकडे खाडीकाठची रेती व खारी हवा मिळून त्यातला बराच वाटा आधीच खाऊन बसलेली असू शकते. ॲक्सिलरेटर हवाच असेल तर कॅल्शियम नायट्रेटसारखा बिनक्लोराइडचा, तोही मिक्समध्ये आणि गरज असेल तिथे. बोगद्याच्या छतावर फवारलेलं काँक्रीट काही मिनिटांत धरावं लागतं, तिथे ॲक्सिलरेटरवाचून चालतच नाही. मंगल कार्यालयाच्या घातलेल्या स्लॅबवर त्याचं काही काम नाही.

थांबायचं, पण हात बांधून नाही

बॅचशीट छापील होती आणि स्वच्छ होती. अकराही बॅचमध्ये सिमेंट, स्लॅग, पाणी एका मापाचं. रिटार्डर ०.२ टक्के. म्हणजे शीटप्रमाणे चार गाड्या आणि सात गाड्या यांत फरक नाही. गेटवरच्या तीन मगांची गोष्ट दहा वाजता, डिस्पॅचवाल्याला फोन लावल्यावर बाहेर आली. त्यानेही लपवली नाही: "सर, ट्रॅफिक होता म्हणून थोडा घातला." शीटवर नसलेलं रसायन मालात होतं, आणि किती होतं ते फक्त मगाच्या हिशेबाने कळणार होतं.

तोवर इंजिनिअरबाईंनी काम सुरू केलं होतं. सर्वात आधी ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक. न धरलेला माल उन्हात आणि वाऱ्यात उघडा राहणं हा या सगळ्यातला खरा धोका होता. पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की प्लास्टिक श्रिंकेजच्या, म्हणजे न धरलेला माल आकसून पडणाऱ्या, चिरा पडू शकतात. एरवी माल काही तासांत या अवस्थेतून बाहेर पडतो. इथे तो पूर्ण रात्र आणि पुढचा दिवस त्याच अवस्थेत अडकला होता, आणि दुपारी खाडीवरचा वारा सुटणारच होता. साचवून पाणी मात्र सोडायचं नाही, न धरलेल्या मालावर तळं केलं तर वरचा थर धुपतो. नुसतं गोणपाट ओलं राहील इतकंच.

मग त्यांनी त्या भागात सहा ठिकाणी खडूने वर्तुळं काढली आणि माती तपासायचा खिशातला पेनेट्रोमीटर मागवला. काँक्रीटचा सेट अधिकृतपणे मोजायची रीत वेगळी आहे: ताजं काँक्रीट ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचं, उरलेला मसाला भांड्यात भरायचा, ठरावीक जाडीच्या सुया त्यात दाबायच्या आणि वेळ लिहीत जायची. विरोध ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला पोचला की आरंभीचा सेट, २७ च्या आसपास गेला की अखेरचा. आदल्या दिवशी असा नमुना कुणी ठेवला नव्हता. मातीचा पेनेट्रोमीटर तर ३.५ च्या खूप आधी, अर्ध्याच्या आतच, काटा संपवतो. पण त्या क्षणी हवं होतं ते माप नव्हे, दिशा हवी होती. आकडा वर चढतोय की जागचा हलत नाही?

आठ वाजता सहापैकी चार वर्तुळांत काटा जेमतेम हलला. दहा वाजता त्या चारही ठिकाणी दुप्पट झाला. साडेअकराला पाच वर्तुळांत काटा टोकाला लागला आणि मालाचं तापमान सावलीतल्या हवेपेक्षा तीन अंश वर गेलं. उष्णता निघायला लागली म्हणजे सिमेंट कामाला लागलं. सहावं वर्तुळ, दहाव्या गाडीचा पहिला माल जिथे पडला होता ते, दुपारी चारपर्यंत रेंगाळलं.

दरम्यान एक गोष्ट बघण्यासारखी होती. गोणपाट उचललं तेव्हा वरच्या सळयांच्या अगदी डोक्यावरून, सळयांच्याच रेषेत, केसाएवढ्या चिरा दिसल्या. हा सेटलमेंट. माल जितका वेळ पातळ राहतो तितकी खडी खाली बसत राहते, पाणी वर येत राहतं, आणि जिथे सळई खडीला अडवते तिथे वरची साय फाटते. मालक घाबरले. पण माल अजून नरम होता म्हणूनच त्या चिरा दुरुस्त करणं सोपं होतं: मेस्त्रीने फळी टाकून, गुडघ्यावर बसून, लाकडी थापीने ठोकत ठोकत त्या मिटवल्या. धरलेल्या स्लॅबवर हेच काम इपॉक्सीने करावं लागलं असतं.

खालच्या टेकूंना कुणीही हात लावायचा नाही, हे लाल रंगाने लिहून लावलं. आयएस ४५६ मध्ये स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस, सहा मीटरवरच्या तुळ्यांना २१ दिवस असे सांगितलेत. पण ते आकडे साध्या ओपीसीचे आहेत, बाकीच्यांसाठी ते बदलायला कोड स्वतःच सांगतो. स्लॅगचं काँक्रीट त्यात हा उशीर, तेव्हा दिवस मोजून टेकू काढायचे नाहीत, क्यूब (त्याच मालाचे ताकद तपासायला भरलेले ठोकळे) बघून काढायचे, असं ठरलं.

तीन मग एवढं कसं करतात

आकडे मांडू. एका गाडीत ६ घनमीटर, म्हणजे २२८० किलो बाइंडर. ०.२ टक्के म्हणजे सुमारे साडेचार किलो द्रावण. तीन मगांत आणखी साधारण ३.४ किलो पडलं. एकूण ०.३५ टक्के. पावणेदोन पटीच्या आत. सात तासांचे पावणेदोन पट धरले तर बारा तास. मग बावीस-चोवीस तास कुठून आले?

आठवड्याभरात प्लांटने तेच सामान घेऊन तीन छोट्या ट्रायल केल्या. पहिलीत ०.२ टक्के: आरंभीचा सेट सुमारे ७ तास. दुसरीत ०.३५ टक्के पाण्यासोबतच: सुमारे ११ तास. तिसरीत ०.२ टक्के पाण्यासोबत आणि उरलेला ०.१५ टक्के अर्ध्या तासाने: सुमारे २१ तास. डोस तोच, घालायची वेळ वेगळी.

याचं कारण सिमेंटच्या पोटात आहे. सिमेंटमधलं ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट सर्वात उतावळं. त्याला आवरायला कारखान्यातच क्लिंकरसोबत (भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांसोबत) जिप्सम दळतात. जिप्सम नसतं तर पाणी पडताच माल दगड झाला असता. म्हणजे रिटार्डर ही काही आरएमसीवाल्यांनी आणलेली चैन नाही, प्रत्येक गोणीत एक रिटार्डर जन्मापासून असतो. सेट आणि सुरुवातीची ताकद मुख्यतः ट्रायकॅल्शियम सिलिकेटची. ते पाण्यात थोडं विरघळतं, काही तास जवळजवळ स्वस्थ राहतं, आणि मग जेलचे अंकुर वाढायला लागले की माल धरतो. ग्लुकोनेट, सायट्रिक आम्ल, साखर ही मंडळी कॅल्शियमला आणि त्या अंकुरांना चिकटून वाढ रोखतात. पाण्यासोबत ग्लुकोनेट घातलं तर त्यातलं बरंचसं ॲल्युमिनेट गिळतं, पंगतीत पहिल्या वाढपाला ताट पुढे करणाऱ्या खादाडासारखं. तेच ग्लुकोनेट उशिरा घातलं तर तोवर ॲल्युमिनेटवर जिप्समच्या प्रतिक्रियेचा लेप बसलेला असतो, त्याची भूक मेलेली असते, आणि अख्खा डोस सिलिकेटच्या वाट्याला येतो. मिसळणीनंतर काही मिनिटांनी घातलेला रिटार्डरही जास्त लांबवतो हे काँक्रीटच्या पुस्तकांत केव्हापासून आहे. गेटवर अर्ध्या-पाऊण तासाने घातल्यावर काय होणार?

दुसरं कारण टक्क्यात दडलेलं. डोस बाइंडरच्या टक्क्यात लिहितात, पण ग्लुकोनेट अडवतं ते क्लिंकरला. ३८० किलोंवर ०.३५ टक्के म्हणजे घनमीटरमागे १.३३ किलो, आणि त्यातलं ओपीसी फक्त २१० किलो. सिमेंटच्या मानाने तो डोस ०.६३ टक्के झाला. उरलेले १७० किलो स्लॅग तर स्वतःहून फारसं हलतच नाही, सिमेंटमधून निघणाऱ्या चुन्याने ते जागं होतं. सिमेंट झोपलं की स्लॅगही झोपतो. शुद्ध ओपीसीवर अंदाज बसलेला माणूस स्लॅगच्या मिक्सवर तोच हात मोकळा सोडतो तेव्हा फसतो.

आणि तिसरं, फिरकी. तीन मग हॉपरमधून ओतल्यावर ड्रम जोरात, मिसळणीच्या वेगाने फिरवायला हवा होता. घनमीटरमागे एक मिनिट, कमीत कमी पाच, हा प्लांटवरचा नेहमीचा हिशेब. गाड्या मिनिटाला दोन-चार फेऱ्यांवर निघाल्या. त्यामुळे द्रावण ड्रमच्या तोंडाशी जास्त, तळाशी कमी. तोंडाशी असतं ते आधी बाहेर पडतं, म्हणून दहाव्या गाडीचा पहिला माल सर्वात उशिरा धरला.

साखरेचा उल्लेख झालाच आहे तर एक सांगतो. गाडी घाटात बंद पडली आणि ड्रममध्येच माल दगड व्हायची वेळ आली की साखर ओतायची, हे ड्रायव्हरांना पाठ असतं. सिमेंटच्या ०.०५ टक्के साखर सेट साधारण चार तास लांबवते. ०.२ ते १ टक्क्यापर्यंत गेली की माल धरायचं जवळजवळ विसरतो. ड्रम वाचवायला ती युक्ती ठीक, पण तो माल नंतर कुणाच्या स्लॅबमध्ये जाऊ नये.

मुळात गरज होती का

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि चौघांच्या भांडणात तो कुणीच काढला नाही. डिस्पॅचवाल्याला भीती कसली होती? गाडी अडकेल, माल घट्ट होईल, पंपात जाणार नाही. ही भीती स्लम्प उतरण्याची आहे, सेटची नाही. या मिक्सला धरायला सात तास होते आणि सर्वात उशिराची गाडी साडेतीन तासांच्या आत पोचली. ग्लुकोनेटचा एक थेंब जास्त न घालता ती पोचलीच असती, फक्त स्लम्प कदाचित १३० ऐवजी ८० मिळाला असता. त्याला उपाय आहेत. स्लम्प टिकवणारा वेगळ्या घडणीचा पॉलिकार्बोक्झिलेट मिळतो. सुपरप्लास्टिसायझरचा थोडा वाटा मागे ठेवून साइटवर प्लांटच्या माणसाच्या देखत घालता येतो, ड्रम जोरात फिरवून. थंड पाणी किंवा बर्फ वापरून माल मुळातच गार भरता येतो. गोव्यात पारा चाळिशीला जात नाही, त्यामुळे उष्ण हवामानातल्या काँक्रीटचा आयएस ७८६१ आपल्याला लागू नाही असं समजायची पद्धत पडलीय. कारण त्यातली मर्यादा ४० अंशांची. पण ३३ अंशांच्या दुपारी उन्हात तापलेली खडी आणि गरम सिमेंट मिळून स्लम्प खायला पुरेसे असतात.

आयएस ४९२६, म्हणजे तयार काँक्रीटचा कोड, गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी करायला सांगतं, आणि रिटार्डर असेल तर जास्त वेळाची मुभा देतं. ही मुभाच लोक उलटी वाचतात. उशीर झाला की रिटार्डर ओता, असं त्यात नाही. रिटार्डर आधीच हिशेबात धरून मिक्स केलं असेल तर वेळ वाढवता येतो, असं आहे.

आता दुसरी बाजू. रिटार्डरची खरी गरज त्या दिवशी एका जागी होती: सातव्या गाडीच्या मालाला. तो दोन वाजता स्लॅबवर पसरला, आणि त्याच्या कडेला नवा माल चार-दहाला लागला. भरल्यापासून मोजलं तर त्या कडेचं वय सुमारे चार तास, आणि सात तासांपैकी ते तीनच उरले होते. आणखी तासभर मिरवणूक लांबली असती तर व्हायब्रेटरची नीडल जुन्या मालात घुसली नसती आणि कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना-नवा माल एकजीव न झालेला सांधा, पडला असता. थोडक्यात वाचलं. कोल्ड जॉइंट जुन्या मालामुळे पडतो, येणाऱ्या मालामुळे नव्हे. थांबणार आहे तो स्लॅबवर पसरलेला माल, रस्त्यावरचा नव्हे. तेव्हा मिरवणूक माहीत होती तर पाचवी, सहावी, सातवी या गाड्यांचा सेट, प्लांटमध्येच, पाण्यासोबत, मोजून दोन-तीन तास लांबवायचा होता, आणि आठवीपासून पुन्हा नेहमीचा डोस. झालं नेमकं उलटं.

मांडवी किंवा झुआरीच्या पात्रात पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, भरणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रेमीच्या नळीतून भरताना पहिला माल वर वर ढकलला जात शेवटपर्यंत हलता राहायला हवा, म्हणून तिथे भरणीची एकूण वेळ मोजतात, तिच्यावर उशिराची भर घालतात आणि मग सेट ठरवतात. इमारतीच्या स्लॅबवर हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण बहुतेक वेळा त्यावाचून निभावतं.

पुढे काय झालं

त्या संध्याकाळी, साधारण सत्तावीस तासांनी, शेवटचं वर्तुळही टणक झालं आणि आळी बांधून पाणी सोडलं. नवव्या आणि अकराव्या गाडीचे क्यूब २४ तासांनी साच्यातून काढायचे नाहीत, एवढं शहाणपण क्यूसीने दाखवलं. काढले असते तर कोपरे तुटले असते आणि त्या तुटक्या क्यूबचे आकडे पुढे पुरावा म्हणून फिरले असते. तीन दिवसांचे निकाल घाबरवणारे होते: सात गाड्यांचा माल १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, चार गाड्यांचा ९. सात दिवसांना २३ आणि १९. अठ्ठावीस दिवसांना ३९ आणि ४०. संथपणे वाढलेला जेल कधी कधी थोडा जास्तच दाट होतो, तेव्हा ४० चं आश्चर्य नको. मात्र या आकड्यांवर फार नाचूही नये, कारण क्यूब गाडीतल्या मालाचे होते आणि तक्रार होती एका गाडीतल्या असमान मालाची. म्हणून त्या भागावर जाळी आखून अल्ट्रासोनिक लहरींचे मालातून जाण्याचे वेग घेतले. दहाव्या गाडीच्या जागी ते थोडे कमी आले. तिथून तीन कोअर (स्लॅबमधून कापून घेतलेले गोल नमुने) काढले: क्यूबच्या मानाने २९, ३१ आणि २८. आयएस ४५६ ची अट सरासरी ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांच्या खाली नाही अशी आहे. एम ३० साठी २५.५ आणि २२.५. पास.

वरचा थर मात्र पास झाला नाही. इतका वेळ पाणी वर येत राहिल्याने तीन-चार मिलिमीटर पृष्ठभाग पावडरीसारखा झडत होता. फरशी घालण्याआधी तेवढा ग्राइंडरने काढला. टेकूंचं जादा भाडं, कोअर आणि ग्राइंडिंग कुणी भरायचं यावरून कंत्राटदार आणि प्लांट महिनाभर भांडले आणि अर्धं-अर्धं करून गप्प बसले. माझं मत विचाराल तर अर्धा वाटा प्लांटचा बरोबर, पण उरलेल्या अर्ध्यात तारीख ठरवणाऱ्यालाही बसवायला हवं होतं.

प्लांटने नंतर दोन गोष्टी केल्या. रिटार्डरचा कॅन गेटवरून हलवून बॅचिंगच्या पंपाला जोडला, म्हणजे जे पडेल ते शीटवर छापून येईल. आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढवला. आधी ग्रेड, स्लम्प, घनमीटर, पत्ता एवढंच विचारत. आता कंत्राटदाराला विचारतात की तुमच्या स्लॅबची कड जास्तीत जास्त किती वेळ उघडी राहील, आणि उत्तर तासांत लिहून घेतात. वरच्या मजल्याच्या स्लॅबला त्याने तिथे 'दीड तास' लिहिलं. इंजिनिअरबाईंनी ते खोडून 'तीन' केलं, कारण भरणी मे महिन्याच्या शनिवारी होती आणि बोरीच्या पुलावर शनिवारी काय असतं ते त्यांना माहीत होतं.